जिप्सीचे दोन काटे: मीटर दुरुस्तीच्या नोंदी

गाडी मारुतीची जिप्सी किंग, १९९८ ची, १.३ लिटर, कार्ब्युरेटरवाली. २००९ पासून माझ्याकडे आहे. मी इलेक्ट्रिशियन नाही, मल्टिमीटर वापरता येतो एवढंच. २००० नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल जाणाऱ्या) जिप्सीचं मीटर, म्हणजे स्टिअरिंगसमोरची काट्यांची चौकट, मी उघडलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं त्या गाडीला डोळे मिटून लावू नका.

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

साखरप्याहून ताईकडची ओवाळणी उरकून निघालो तेव्हा पेट्रोलचा काटा अर्ध्याला जरासा कमी होता. चाळीस लिटरची टाकी, म्हणजे अठरा-एकोणीस लिटर तरी असणार. आंबा घाट चढताना शेवटच्या वळणांच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. आधी कचरा आला वाटलं. पेट्रोल फिल्टर सोडून पाहिला तर कोरडा. टाकीचं झाकण काढून गाडी हलवली, आतून डुबुक आवाजसुद्धा नाही. काटा मात्र चावी फिरवली की आरामात अर्ध्यावर जाऊन बसायचा.

एका टेंपोवाल्याने मलकापूरपर्यंत नेलं, कॅनमधून पाच लिटर आणलं. येण्याजाण्यात अडीच तास गेले. बायको, आणि ताईने दिलेला फराळाचा डबा, तेवढा वेळ गाडीत.

पुढे बांबवड्याजवळ दुसरा काटा, इंजिनच्या गरमीचा, सरळ एचला (एच म्हणजे गरम) जाऊन टेकला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. रेडिएटरचा वरचा होज गरम होता पण हाताने धरवत होता. वाफ नाही, पाणी कमी नाही. तिथे थांबून नीट विचार करायला हवा होता. केला नाही.

६ नोव्हेंबर

गॅरेजला दाखवली. मिस्त्रींनी काटा एचवर पाहिला आणि थर्मोस्टॅट वॉल्व्ह (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) अडकलाय म्हणून निकाल दिला. वॉल्व्ह ४८०, कूलंट दोन लिटर ५६०, गरमीचा सेंडर (इंजिनची गरमी मोजून काट्याला कळवणारा भाग) ३५०, मजुरी ८००. एकूण २,१९०. रेडिएटर आतून स्वच्छ निघाला. जुना वॉल्व्ह त्यांनी माझ्यासमोर गरम पाण्यात टाकला, तर तो व्यवस्थित उघडला. तरी नवा बसवला, कारण आता खोललंच आहे तर.

घरी येईपर्यंत काटा परत एचवर.

जुना सेंडर मी मागून घेतला होता. रात्री चहाच्या पातेल्यात पाणी तापवून त्यात धरला. ऐंशी अंशाला ५० ओहमच्या आसपास, उकळत्या पाण्यात २८. नव्याचंही तेच. म्हणजे जुन्यात काही बिघाड नव्हता. ही तपासणी आधी केली असती तर सेंडरचे पैसे वाचले असते. (पातेलं नंतर चहाला वापरू दिलं नाही, ते आता गॅरेजचं झालं.)

१० नोव्हेंबर

परत घाटात अडकायला नको म्हणून टाकी फुल्ल केली. काटा एफच्या, म्हणजे भरलेल्या टाकीच्या, रेघेवर थांबला नाही. रेघ ओलांडून टोकाच्या खुंटीला जाऊन दाबून बसला. ही माझी सगळ्यात मोठी चूक, ती का ते पुढे येईल.

टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी काट्याला कळवणारा) गेला असं गृहीत धरून नवं फ्लोट युनिट आणलं, १,३५० रुपये. दुकानात पाटीच आहे, इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. मिस्त्री म्हणाले, टाकी भरलेली आहे, निम्मी रिकामी करून आणा, मग उतरवू. त्या निम्म्या पेट्रोलने मला वाचवलं म्हणायचं, कारण ते जळेपर्यंत आठवडा गेला.

१६ नोव्हेंबर

या आठवड्यात दोन गोष्टी लक्षात आल्या, पैकी एक बायकोच्या. "अहो, खड्डा आला की दोन्ही काटे पडतात बघा," ती म्हणाली. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, हलणारच. "हलत नाहीत, पडतात. आणि बरोबर पडतात."

दुसरी माझी. सकाळी चोक अजून ओढलेला असताना, गाडी सुरू होऊन चार मिनिटं झाली नसताना, गरमीचा काटा मध्यावर. एवढ्यात कुठलंही इंजिन इतकं तापत नाही.

भाचा इथेच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो, शनिवारी जेवायला होता. त्याला सगळं रामायण सांगितलं. त्याने फक्त विचारलं, "मामा, एक काटा टाकीतून येतो, एक इंजिनातून. दोघं एकाच दिवशी कसे बिघडतील? त्यांच्यात सामायिक काय आहे ते बघा ना." २,१९० आणि १,३५० खर्चून झाल्यावर हा प्रश्न मला ऐकायला मिळाला.

लगेच खाली उतरून फ्लोटची वायर मागच्या कप्लरमधून (वायरींच्या जोडातून) सोडली. काटा सावकाश ईच्याही (रिकाम्या टाकीच्या खुणेच्याही) खाली गेला, म्हणजे वायरिंग शाबूत. फ्लोटचा रोध मोजला, तेव्हा टाकी अर्ध्याच्या आसपास होती, आला ३५ ओहम. फ्लोट ठणठणीत. नवं युनिट खोक्यातून काढलं नव्हतं ते तसंच कपाटावर ठेवलं.

२० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

सकाळी मत देऊन आलो आणि मीटर उघडायला बसलो. भाचा मतदानासाठी गावी, त्यामुळे एकटाच.

स्टिअरिंगच्या वरचं कव्हर आणि मीटरचे स्क्रू सोपे आहेत. मीटर पुढे ओढलं की ते चार बोटं येतं आणि अडतं, कारण मागे स्पीडोमीटरची केबल लावलेली असते. तिच्या टोकाला प्लॅस्टिकची कळ आहे, ती दाबून केबल सोडवायची. हात आत जात नव्हता म्हणून मी मीटरच हिसकलं. कट् आवाज आला, कळ तुटली. खरी पद्धत मला दोन तासांनी सुचली: आधी गाडीखाली जाऊन ट्रान्सफर केसकडचं (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीकडचं) केबलचं टोक मोकळं करायचं. मग केबलला ढील मिळते, मीटर हातभर बाहेर येतं आणि कळ डोळ्यांना दिसते.

दुसरी चूक बॅटरी न सोडण्याची. कप्लर काढताना हातातला पाना कुठेतरी टेकला, ठिणगी, फ्यूज खल्लास. दहा रुपयांवर भागलं.

मीटर टेबलावर उलटं ठेवल्यावर मागे जाड वायरी नसतात. प्लॅस्टिकची पातळ, वाकणारी पट्टी असते, तिच्यावर तांब्याच्या रेघा. दिव्यांचे होल्डर त्या रेघांवर पाव वळसा देऊन बसवलेले. गरमीच्या काट्यामागे दोन बोल्ट, पेट्रोलच्या काट्यामागे तीन. हा तिसरा बोल्ट म्हणजेच भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर.

या काट्यांमागे दोन धातूंची एकावर एक जोडलेली पट्टी असते आणि तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. तार तापली की पट्टी वाकते, काटा सरकतो. म्हणूनच हे काटे गाडी चालू केल्यावर सावकाश चढतात. बॅटरीचा व्होल्टेज कधी १२, कधी १४, तो थेट दिला तर काटा रोज वेगळं बोलेल. म्हणून मध्ये एक रेग्युलेटर असतो, सरासरी ७ व्होल्ट देणारा, आणि तो पेट्रोलच्या काट्याच्याच पोटात बसवलेला आहे. तोही तशीच पट्टी, टोकाला पॉइंट, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा संपर्क. तापली की पॉइंट उघडतो, थंड झाली की मिटतो, दिवसभर टकटक चालू. तिथून पेट्रोलच्या काट्याला आणि, त्या तिसऱ्या बोल्टवरून, गरमीच्या काट्याला, दोघांनाही पुरवठा.

यूपीएसची जुनी १२ व्होल्टची बॅटरी लावून ७ व्होल्टच्या बोल्टवर मल्टिमीटर धरला. आकडा वरखाली नाचायला हवा होता. तो १२.४ वर गप्प उभा. आधी अर्थ सैल असेल म्हणून अर्थचा स्क्रू घासून पुसून परत आवळला, कारण अर्थ तुटला तरी रेग्युलेटरची पट्टी तापत नाही आणि पॉइंट उघडत नाही. फरक शून्य. बोटाने काट्याच्या डबीवर टिचकी मारली, आकडा शून्यावर, मग पुन्हा १२.४. खड्ड्यात काटे का पडायचे ते कळलं. पॉइंट चिकटलेला होता.

बाकीचा हिशोबही जुळला. गाडी चालू असताना ७ च्या जागी १४, म्हणजे दुप्पट व्होल्टेज आणि तारेत चौपट उष्णता. रिकाम्या टाकीला फ्लोटचा रोध सव्वाशेच्या आत असतो. तो जागच्या जागी राहिला तरी चौपट उष्णतेने काटा अर्ध्यावर जातो. आंबा घाटातला अर्धा टँक तो हाच. आणि टाकी भरलेली असली की रोध चार-पाच ओहमच उरतो, सगळा भार काट्याच्या तारेवर. मी फुल्ल केली त्या दिवशी ती तार जळलीच असती. डबीत डोकावलो तेव्हा तारेवरचं आवरण एका बाजूला तपकिरी झालेलं दिसलं. कुणाचे दोन्ही काटे असे एकदम वर चढत असतील तर टाकी फुल्ल करू नका, आणि मीटरला हात लावेपर्यंत गाडी कमीच फिरवा.

२४ नोव्हेंबर

पॉइंटमध्ये अगदी बारीक पॉलिश पेपरची पट्टी सरकवून घासला. ब्लेडच्या पात्याएवढी फट आहे, रेग्युलेटरची पट्टी वाकवायची नाही, नाहीतर ७ चे ५ होतील. आता मल्टिमीटर छान नाचू लागला. मीटर परत बसवलं. तुटलेल्या कळीच्या जागी केबल टायने केबल आवळली.

काटे बरोबर. बिनखर्ची काम झालं म्हणून घरी जाहीरही केलं.

२६ नोव्हेंबर

ऑफिसातून येताना दोन्ही काटे परत वर. एकदा खड्डे पडलेला पॉइंट घासून टिकत नाही. दोन दिवसांचा आनंद, आणि मीटर पुन्हा बाहेर काढायचे दीड तास.

१ डिसेंबर

ठरवलं की पोटातला रेग्युलेटर बाद करायचा आणि बाहेरून स्थिर ७ व्होल्ट द्यायचा. शाहूपुरीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ७ व्होल्टची तयार चिप मिळाली नाही. ८ ची घ्या, एका व्होल्टने काय होतंय, असं काउंटरवरून सांगितलं. चिपचं नाव ७८०८, पंधरा रुपये.

जोडणी अशी. पेट्रोलच्या काट्यामागचा १२ व्होल्टचा बोल्ट मागच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवरच्या रेघेपासून फायबर वॉशर घालून वेगळा केला. त्या रेघेवरून चिपला १२ व्होल्ट, चिपमधून निघालेला पुरवठा ७ व्होल्टच्या बोल्टला, अर्थ पट्टीच्या स्क्रूवरून. काट्यात काही कापावं लागत नाही, वाटल्यास सगळं पूर्ववत होतं.

फ्लोटऐवजी ३३ ओहमचा रोध लावून टेबलावर पाहिलं. काटा अर्ध्यावर यायला हवा, आला पाऊणच्या जवळ. एका व्होल्टने हे होतंय. गरमीचा काटाही तेवढाच वर. थोडं जास्त दाखवलं तर बिघडत नाही, असा विचार आला होता. पण पेट्रोल जास्त दाखवणाऱ्या काट्यानेच मला घाटात उभं केलं होतं. चिप काढली.

हे करताना स्क्रूड्रायव्हर घसरला आणि उजव्या इंडिकेटरच्या बाणाची तांब्याची रेघ चिरली. पट्टीवर थेट सोल्डर करायला गेलो तर प्लॅस्टिक आक्रसलं. शेवटी दोन होल्डरच्या टोकांमध्ये केसासारखी बारीक वायर टाकून वरून टेप मारली. तो बाण आजही डाव्यापेक्षा मंद लागतो.

८ डिसेंबर

भाच्याने एलएम३१७ ही चिप सुचवली. तिच्यात दोन रोध आपण निवडायचे, त्यावर व्होल्टेज ठरतो. घरात होते तेच चालले, २२० ओहम आणि १ किलोओहम. मोजला, ६.९६. चिप वीस रुपये, रोध आणि दोन छोटे कपॅसिटर मिळून पंधरा. टेबलावर ३३ ओहमला काटा नेमका अर्ध्यावर. भाच्याने फोटो काढून मित्रांना पाठवले.

मीटर बसवून पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या आधी दोन्ही काटे हळूहळू खाली उतरून ई आणि सीवर (सी म्हणजे थंड) पडले. थोड्या वेळाने उठले, परत पडले. घरी येऊन हात आत घातला तर चिपला चटका बसला.

चूक साधी होती. १४ मधून ७ वापरायचे, उरलेल्या ७ व्होल्टची चिप नुसती उष्णता करते. दोन्ही काटे मिळून पाव अँपियरपर्यंत ओढतात, म्हणजे दीड-पावणेदोन वॅट. डॅशबोर्डच्या आत हवा खेळत नाही. चिप तापली की स्वतःला वाचवायला बंद होते, म्हणून काटे पडायचे. टेबलावर आम्ही पाच मिनिटं चाचणी घेतली होती, तेवढ्यात हे दिसणार कसं!

१४ डिसेंबर

चिपला ॲल्युमिनियमची हीट सिंक लावली, पंचवीस रुपये, आणि ती स्क्रूने डॅशबोर्डमागच्या लोखंडी ब्रॅकेटला घट्ट बसवली, म्हणजे उष्णता सगळ्या लोखंडात जाईल. चावी फिरवली. दोन्ही काटे मेल्यासारखे.

पाऊण तास वायरी तपासल्या. मग भाच्याला फोन केला. "मामा, ७८०८ च्या पाठीला अर्थ असतो. ३१७ च्या पाठीला आउटपुट. तुम्ही आउटपुट बॉडीला जोडलंत." चिप जळली नव्हती, तिने करंट आवरून धरला होता. मध्ये अभ्रकाची पातळ चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश, दोन्ही मिळून दहा रुपये. बसवल्यावर मल्टिमीटरने चिपची पाठ आणि ब्रॅकेट यांच्यात जोड नाही ना हे बघून मगच चावी फिरवली.

एक तास घरासमोर इंजिन चालू ठेवलं. शेजारच्या काकांनी दोनदा विचारलं, कुठे निघालाय का. हीट सिंक कोमट, काटे जागेवर.

२२ डिसेंबर

मीटर चौथ्यांदा बाहेर. आता बाहेर काढायला वीस मिनिटं लागतात.

पाठीमागचे जुने दिवे काढून एलईडी घातले, नगाला ३०. निम्मे लागले नाहीत. एलईडीला उलटसुलट असतं, होल्डर अर्धा वळसा फिरवून बसवले की लागतात. बॅटरी चार्जिंगच्या लाल दिव्याला मात्र जुनाच तारेचा बल्ब ठेवा असं गॅरेजच्या मिस्त्रींनी बजावलं, अल्टरनेटर जागा व्हायला त्या बल्बमधून जाणारा करंट लागतो. थर्मोस्टॅटवरून त्यांच्यावर राग होता, पण हे ऐकलं.

स्पीडोमीटरचा काटा चाळिसाच्या खाली थरथरायचा, म्हणून केबलची आतली तार ओढून काढली, रॉकेलने धुतली. ग्रीस फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला लावलं. वरच्या टोकाला लावलं तर ते फिरत फिरत मीटरच्या डोक्यात शिरतं आणि मग स्पीडचा काटा चिकटतो.

१२ जानेवारी २०२५

तीन आठवडे, सुमारे नऊशे किलोमीटर. गरमीचा काटा मध्याच्या जरा खाली जातो आणि तिथेच राहतो, घाटातही.

पेट्रोलचा खरा निकाल लावायचा म्हणून मुद्दाम भरलं नाही. पाच लिटरचा कॅन मागे ठेवून मलकापूरच्या पंपावर गेलो तेव्हा काटा ईच्या रेघेवर टेकला होता. ३४ लिटर बसलं. म्हणजे रेघेवर आल्यावर सहा लिटर शिल्लक. भरलेल्या टाकीला काटा एफच्या किंचित अलीकडे थांबतो, तपकिरी झालेल्या तारेचा तो परिणाम असावा. मला चालतंय.

फ्लोट युनिट खोकं न फोडता कपाटावर आहे. कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीसाठी कुणाला लागत असेल तर १,३५० चं आहे, हजारात देईन.